पंधरा दिवसांचं पथ्य

अंबादास गेल्याची बातमी मला एकाच सकाळी दोनदा कळली. पहिल्यांदा वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना दवाखान्यात आणलं होतं... न्हाई राहिले," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागल्या. दुसऱ्यांदा अर्ध्या तासाने, निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात. तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' या शब्दांखाली त्याचा फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, मागे फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर हातभर अक्षरांत '२६२ वरून १७८'. हा अंबादासच्या कोलेस्टेरॉलचा आकडा. हृदयविकाराच्या झटक्याने गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहताना मागे हा आकडा दिसतोय, हे फोटो टाकणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं की आलं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या गटातली माणसं मी ओळखतो. माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.

आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड लिहायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. अंबादासबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तेवढंच लिहून थांबलो तर ती त्याचीच पद्धत होईल... म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेडगावच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं बरोबर होतो. तो गणित शिकवायचा, मी मराठी. साहेबांची वार्षिक तपासणी ठरली की पंधरा दिवस आधी तो अंगात आल्यासारखा कामाला लागायचा. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, फळ्याला काळा रंग. मागच्या तीन महिन्यांची पाठ टाचणं, म्हणजे रोजच्या तासांच्या तयारीच्या नोंदी, एका बैठकीत लिहून व्हायची, आणि जुनी दिसावीत म्हणून वेगवेगळ्या शाईच्या पेनांनी. पाढे येणारी मुलं पुढच्या ओळीत, न येणारी मागे, आणि अजिबात न येणारी त्या दिवशी आजारी. साहेब यायचे, पुढच्या ओळीला सतराचा पाढा विचारायचे, चांगला शेरा लिहायचे आणि जेवून जायचे. मी एकदा त्याला म्हणालो, "अंबादास, ही शाळा आहे की लग्नाचा मांडव?" तो शांतपणे म्हणाला, "सुध्या, साहेब काय रोज यायलाय का? एक दिवस येतोय, एक दिवस चांगलं दिसू दे की. उरलेलं वर्ष आपलंच हाय." आणि त्या उरलेल्या वर्षात, कुणी बघत नसताना, त्याच आजारी पाडलेल्या मुलांना तो शाळा सुटल्यावर तासभर थांबवून पाढे घोटून घ्यायचा. वाईट शिक्षक तो नव्हताच. शिकवणं आणि तपासणी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, एवढंच त्याला कधी पटलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर चारपाच वर्षांनी परभणीत त्याचं रक्त तपासलं आणि तो २६२ हा आकडा निघाला. मी तिथेच राहतो, म्हणून डॉक्टरकडे बरोबर गेलो. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं. तळलेलं टाळा, तूप-लोणी अगदी बेतानं, पालेभाज्या आणि कडधान्यं वाढवा, जवसाची चटणी खा, तंबाखू सोडा, रोज पाऊण तास चाला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. मी सगळं ऐकलं. अंबादासने बहुधा शेवटचं वाक्यच ऐकलं. कारण बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "म्हणजे तपासणी कधी आली रे? तारीख काढ."

तीन महिन्यांनी आकडा पडला, पुढच्या वेळी आणखी पडला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला संशय. आधी मी प्रयोगशाळेवर संशय घेतला, मग डॉक्टरांवर, मग गोळी बनवणाऱ्या कंपनीवर. या तिघांवर संशय घ्यायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. पण एकदा अचानक गावी त्याच्याकडे मुक्काम पडला, तेव्हा खरा प्रकार कळला. वहिनी धपाटे करत होत्या. तव्याच्या कडेने तेल सोडलं जात होतं आणि अंबादास गरम धपाट्यावर लोण्याचा गोळा ठेवून तो विरघळताना प्रेमाने बघत होता. "अरे, पथ्य?" मी विचारलं. "तपासणी लांब हाय," तो म्हणाला, जशी एसटी यायला वेळ आहे असं सांगावं तसं. वहिनी हसल्या. "पंधरा दिस आधी सुरू होतंय त्यांचं, भाऊजी. तवा बगा, मला लय बेजार करतेत. त्यांचं येगळं, माझं येगळं."

ते पंधरा दिवसही मी नंतर पाहिले, आणि त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. ज्वारीची भाकरी, बिनतेलाची मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. तंबाखूची डबी वहिनींच्या ताब्यात. सकाळी कालव्यापर्यंत चालत जाऊन यायचं, संध्याकाळी पुन्हा. तेव्हा गोळीही चुकत नव्हती. शरीर भोळं असतं, त्याला वाटायचं हा माणूस सुधारला. ते इमानदारीने आकडा खाली आणून दाखवायचं. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, आणि पथ्यही खोटं नव्हतं. उलट पथ्य किती कामाचं आहे याचा पुरावा अंबादास दर तीन महिन्यांनी स्वतःच्या रक्ताने देत होता, आणि रिपोर्ट हातात पडला की बसस्थानकासमोरच्या गाड्यावर मिरचीची भजी खाऊन तो पुरावा गिळूनही टाकत होता. "घे की सुध्या, पास झालोय."

पुढे आकडा १७८ वर आला तेव्हा गावाने त्याचा सत्कार केला. देवळाच्या सभागृहात मांडव, फ्लेक्स, माइक. प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरून व्यासपीठापर्यंतची वीस पावलं चालताना तीनदा थांबले, आणि मग 'रोज चाला' या विषयावर पस्तीस मिनिटं बोलले. इच्छाशक्ती, ऋषिमुनी, आपली प्राचीन आहारपरंपरा, सगळं झालं. अंबादासनेही भाषण केलं, त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. नंतर सगळ्यांना बुंदी आणि भजी वाढली. अंबादासच्या पानात दुसऱ्यांदा भजी पडली तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. "इज्जतीनं वाढलेलं नको म्हणता येत न्हाई," तो हळूच म्हणाला. गटात फिरलेला फोटो त्याच दिवसाचा.

इथपर्यंत ही गंमतच होती, आणि ती सांगून मी पुष्कळांना हसवलंय. यापुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सत्कारानंतरच्या तपासणीला मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो. अंबादासचे पाय दुखत होते, त्याला वाटत होतं गोळीने दुखतात. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "गुरुजी, पथ्याचं जेवण वर्षभर असंच असतं ना?" अंबादास म्हणाला, "असंच की साहेब." डॉक्टरांनी माझ्याकडेही एकदा पाहिलं. टेबलावर प्लास्टिकचं हृदय ठेवलेलं होतं, झाकण उघडून आतले कप्पे दिसणारं. मी त्याचे कप्पे मोजत बसलो. "ठीक आहे, मग गोळी निम्मी करून बघू," डॉक्टर म्हणाले. मी गप्प बसलो त्याचं कारण मैत्री होतं, असं लिहायला मला बरं वाटलं असतं. पण मला मजा येत होती. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला एक शहाणा डॉक्टर फसताना पाहायला मिळत होता आणि ती मजा मला मोडायची नव्हती.

उरलेली निम्मी गोळी अंबादासने स्वतःच बंद केली. "डॉक्टरला विचारलंस का?" मी म्हणालो. "पास झालेल्या पोराला कुणी शिकवणी लावतंय का?" तो म्हणाला. मी हसलो. हेही लिहायला हवं, की मी हसलो.

मग ती सकाळ. तो शेतातून आला, छाती भरून आली म्हणाला, पाणी मागितलं. परभणीला पोचेपर्यंत संपलं होतं. गोळी चालू असती तर तो वाचला असता का, पथ्य वर्षभर केलं असतं तर आणखी दहा वर्षं काढली असती का, हे कुणी सांगू शकत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण तेराव्याला जेवायला बसलो तेव्हा पंगतीत सगळेच छातीठोक होते. शेजारचे एक पाहुणे पानातलं भजं उचलून म्हणाले, "गुरुजींनी एवढं उकडलेलं खाल्लं, एवढं चालले, काय झालं? आमी खायलोत समदं, हावोत की ठणठणीत." दुसरे म्हणाले, "ह्या गोळ्यांनीच माणूस जातंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. आतल्या खोलीत अंबादासचा हार घातलेला फोटो होता, दारात वहिनी उभ्या होत्या. त्या माणसाने पथ्य केलंच नव्हतं, वर्षातले दोनेक महिने सोडले तर, आणि तेवढ्यातही ते लागू पडत होतं, हे तिथे कसं सांगायचं? नाही सांगितलं. एक सबंध पंगत 'पथ्याने काही होत नाही' असा निष्कर्ष घेऊन हात धुवायला उठली, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. चक्कर यायला लागली होती, गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी रक्तातली चरबी तपासून घ्यायला सांगितलं होतं. "तर भाऊजी, आजपासून तेल बंद करू का? पंधरा दिसांनी येते तपासायला."

"नका करू," मी म्हणालो. "रोज जे खाता तेच आज खा, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"तसंच?"

"तसंच."

"अन् आकडा वाईट आला मंजे?"

"येऊ द्या."

"ह्यांनी असं कधी केलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय, वहिनी."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या गाडीने आल्या. आकडा २७१ निघाला, अंबादासच्या पहिल्या आकड्यापेक्षाही जास्त. त्याच्या पंधरा दिवसांतही त्यांचं 'येगळं' चालूच होतं, आणि त्यांचं रक्त तपासावं असं इतक्या वर्षांत त्याला, मला, कुणालाच सुचलं नव्हतं. डॉक्टर तेच. अंबादास ज्या खुर्चीत बसायचा तिच्यात वहिनी अंग चोरून बसल्या होत्या, नापास झाल्यासारख्या. डॉक्टरांनी गुरुजींबद्दल दोन शब्द बोलून वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग कामाचं विचारायला सुरुवात केली.

"महिन्याला तेलाचे पुडे किती लागतात?"

"आता एकटीच हाय. दोन."

"आणि गुरुजी होते तेव्हा?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. "चार," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "ते तर मला एक सांगायचे."

"तपासणीच्या आधी पंधरा दिस तेवढंच लागायचं, साहेब. खोटं न्हवते बोलत ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि या वेळी नीट माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बरोबर असायचात ना?"

"हो," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नवा कागद पुढे ओढला आणि वहिनींना म्हणाले, "बरं, काल सकाळपासून सांगा. काय काय खाल्लं, किती खाल्लं. काही सोडू नका."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्या चहापासून सांगायला सुरुवात केली... दोन कप, साखर अडीच चमचे, वर साय.