मुरलीधरची बर्फाची पेटी

"भाऊजी, ती पूड काय नवी नवरी आहे, सारखी जपायला?"

हरीश मेहुण्यावर खेकसला, ते मला शेजारी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरात भिंती नावालाच.

"सुकली की पेटते रे. ओली ठेव," मुरलीधर म्हणाला.

दोघं मानेसरला औषधाच्या कारखान्यात. कच्च्या मालाला हायड्रोजन जोडायचं काम तिथे निकेलची काळी पूड करायची. पुढच्याच पाळीत ती हरीशच्या हाताखाली सुकली आणि पेटली. मुरलीधरची बायको भावना, हरीशची सख्खी बहीण. तिने बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भावाचा फोटो लावला.

तेव्हापासून तिन्हीसांजेला मुरलीधरला हाक यायची, "भाऊजी, पाणी." नळ सोडून तो उभा राहायचा.

"मेलेल्याला कसली तहान?" मी रागवायची.

"त्याला नाही आजी, पुडीला."

मलाही एकदा ऐकू आलं. म्हातारीचे कान, सोडून द्या.

पूड बंद व्हावी, दुसरं कुणी तिथे जळू नये, एवढंच त्याच्या डोक्यात. मग नोएडाच्या प्रयोगशाळेतून त्याने एन्झाइम शोधून आणलं.

"विरजणासारखंच समजा, आजी. जिवंत पेशींतून काढतात. कोमट पाण्यात, थोडी साखर दिली की तेच काम करतं. आग नाही, गॅस नाही."

"म्हणजे कारखान्यात दही लावणार!"

हरीश गेल्यापासून पहिल्यांदा मुरलीधर हसला.

पण कारखान्यातल्या माणसांना तापवायची सवय. लवकर व्हावं म्हणून त्यांनी वाफ सोडली, एन्झाइम मेलं. तिथले विनय साहेब म्हणाले, "मुरली, तुमचं दही फाटलं. चलो, पूड काढा."

त्याने हात जोडून आणखी एक संधी मागितली. या खेपेला भांड्याला हात लावून स्वतः उभा राहिला. माल चोख उतरला. पुडीच्या खोलीला कुलूप लागलं. हाक मात्र थांबली नाही.

एन्झाइमची बर्फाची पेटी तो दुसऱ्या कुणाला आणू देईना. यंदा थंडीत छातीत दुखायला लागलं, तेव्हा भावना म्हणाली, "दुसऱ्याला पाठवा ना."

"पुन्हा तापवलं तर पूड बाहेर काढतील."

परतीच्या बसमध्येच गेला तो. त्या दिवसाचं सगळं विनय साहेबांनी भेटायला आल्यावर सांगितलं. नोएडाहून पेटी मांडीवर घेऊन आला. कारखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवली. वाफेचा कॉक बंद आहे का, हाताने पाहिलं. "साहेब, कोमटच हं," म्हणाला. मग कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. कुणीतरी सरकायला सांगितलं.

"बैठे हैं," तो म्हणाला.