केबलचं मोकळं टोक

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टी ऐकून मी आजवर हसतच आलो. अकोल्यात वजनकाटे दुरुस्त करतो, सगळं आयुष्य सोल्डरिंगच्या धुरात गेलं. तुम्हीही खुशाल हसा…

काट्यावरचा आकडा कॉम्प्युटरला जातो तो सिरियल केबलमधून. नऊ पिनांचं जुनं प्रकरण. हल्लीच्या लॅपटॉपला ती जोडायची सोयच नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा अडॅप्टर लावतो. केबल तयार झाली की आम्ही दोघं तपासायचो. मी पुढे दुकानात, बायको सुनंदा मागे घरातल्या कॉम्प्युटरवर; एकानं लिहिलं की केबलमधून दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटायचं. मी आपला ‘टेस्ट’ लिहायचो. ती आतूनच ओरडायची, "टेस्ट टेस्ट काय लिवून राहिले जी? मानसासारखं काई इचारा ना!" मग तीच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची… भाजी काय करू, नळ आले काय. पंधरा फुटांवरून!

ती जाऊन सव्वा वर्ष झालं. दिवसदिवस घरात माझा आवाजही निघत नाही.

यंदा वैशाखात, भर दुपारी, बाळापूरच्या डाळ मिलची केबल तपासत होतो. एक टोक अडॅप्टरमधून लॅपटॉपला, दुसरं टेबलावर मोकळं. मागचा कॉम्प्युटर तर मी ती गेल्यावर विकूनही टाकला होता. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली. एकेक… ती एका बोटानं टाइप करायची तशी.

‘जेवले काय. उपाशी नोका राहू. तुमी’

मी काय केलं असेल? अडॅप्टर उपटला! शॉर्ट कुठे आहे ते बघायला. तीस वर्षांची सवय – आधी वायर काढायची, मग डोकं चालवायचं. परत लावला, तर स्क्रीन कोरी. संध्याकाळपर्यंत कोरीच.

मध्येच मिलचा माणूस केबल न्यायला आला. "काहून जी भाऊ, डोये पानावले? केबल गेली काय?"

"नाई रे, चांगली हाये," म्हटलं. पण ती त्याला दिली नाही. दुसरी करून दिली.

मोकळी वायर हवेतून कचरा पकडते, स्क्रीनवर भलतीसलती अक्षरं येतात, हे मला कुणी शिकवू नये. पण कचऱ्यात वाक्य येत नाही. कुणाला कारण माहीत असेल तर सांगा, मला तरी सापडलेलं नाही.

आणि कारण नाही मिळालं तरी चालेल हो. मी खरंच जेवलो नव्हतो त्या दिवशी. तिनं विचारलं, अन् मी उत्तर द्यायचं सोडून वायर तपासत बसलो.