एका शब्दाचं इंग्रजी

आमच्या मोठ्या जाऊबाई बावीस वर्षं कारखान्यात शर्ट शिवतायत. नुसतं बोट फिरवून टीप कुठे चुकली ते सांगतात. पण त्यांना शिवण तपासणारी चेकर करायची वेळ आली की मॅनेजरचं पालुपद ठरलेलं, "तुम्हाला इंग्रजी कुठे येतं?" यंदा मात्र माझं डोकंच फिरलं. माझं मशीन त्यांच्या शेजारचं. म्हटलं, "गुरुवारी माल घेणारी परदेशी बाई येतेय. तिच्याशी तुम्हीच बोला. नाहीतर ही जागा सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या त्या पोरीला जाईल आणि तुम्ही बसा जन्मभर बाह्या जोडत!"

अख्खं इंग्रजी तीन दिवसांत कोण शिकणार? एकच शब्द घ्यायचा आणि घरभर वापरायचा, असं आम्ही ठरवलं. घेतला ‘लूज’. झालं! "नळ इज लूज." "कडी इज लूज." मोठ्या दिरांची विजारसुद्धा सुटली नाही. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "अगं बाई, आता पुरे!"

गुरुवारी त्या बाईने एक शर्ट उचलून शिवण ताणली. टर्रकन उसवली! मॅनेजरने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. ती शिवण माझीच होती. नोकरी गेली, दुसरं काय!

जाऊबाई उठल्या. शर्ट उलटा करून आतून लोंबणारे दोऱ्याचे फासे दाखवले.

"थ्रेड इज लूज," त्या म्हणाल्या. बाईने माझ्याकडे रोखून पाहिलं, तशा या कडाडल्या, "नो! गर्ल गुड. मशीन इज लूज!"

गर्ल म्हणे! चाळिशी उलटली माझी.

मग त्यांनी माझ्या मशीनचा वरच्या दोऱ्याचा स्क्रू आवळला, चिंधीवर टीप मारली आणि ती चिंधी बाईच्या हातात दिली. बाईने दोन्ही हातांनी ओढली, दात-ओठ खाऊन ओढली. टाका हलला नाही.

"यू चेकर?" बाईने विचारलं.

मॅनेजर तोंड उघडणार तोच जाऊबाई म्हणाल्या, "येस!"

आता परदेशी बाईसमोर तो नाही कसं म्हणणार? सोमवारी जाऊबाई चेकरच्या टेबलावर बसल्या आणि पहिल्याच तासाला माझे चार शर्ट परत पाठवले. सख्खी जाऊ मी त्यांची! असा राग आला म्हणून सांगू, आणि असा अभिमान वाटला की मी चारही शर्ट हसत हसत उसवले.