उशी काढायची नाही

"मुद्द्यावर या, वहिनी," असं म्हणून ते मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे. माझ्या बोलण्यानं बंद पडलं की काय ते बघायला!

मी अमेरिकेत ओरेगनला मुलाकडे राहायला आले, तेव्हा शेजारच्या घरात हे भाऊजी आणि त्यांची बायको कुंदा, दोघंच राहत. तुमच्याही ओळखीत असं एक माणूस असेल, आपण गोष्ट सांगायला बसावं आणि त्यानं आधी शेवट विचारावा. ताजी भेंडी मिळाली हे सांगायला मी दुकानाच्या पार्किंग लॉटपासून सुरुवात करणार.

"भेंडी मिळाली ना?"

"मिळाली, पण ऐका तर..."

"मुद्द्यावर या."

त्यांना कॅन्सर निघाला, पोटभर पसरलेला, तोही त्यांनी एका वाक्यात सांगितला. दुसरं वाक्य त्याहून वाईट होतं. दिवस थोडेच उरलेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ओरेगनच्या कायद्यानं माणसाला स्वतःच्या हातानं औषध घेऊन जग सोडता येतं. ते तसं जाणार होते. मला काही पटेना. देवानं दिलंय ते देवानंच न्यावं, असं मी चांगलं तासभर समजावलं.

"देवही तुमच्यासारखाच आहे वहिनी," ते म्हणाले, "मुद्द्यावर यायला वेळ लावतो."

मरणाची काळजी त्यांना नव्हतीच. काळजी होती ती सामानाची. "इतकं जपून वापरलंय, सगळं जाळायचं?" पण कॅन्सरमुळे किडनी, लिव्हर कुणी घेईना. डोळे मात्र चालतील, असं आय बँकेनं सांगितलं. लगेच मला बोलावणं.

"डोळे काही तासांत काढावे लागतात. कुंदाच्या तोंडून त्या वेळी शब्द फुटायचा नाही. फोन तुम्ही लावायचा."

"अहो, माझं इंग्लिश!"

"फोनवर बोलायचा तुमच्याइतका सराव या रस्त्यावर कुणाला आहे?"

मग काय, तालीम. ते सोफ्यावर आडवे, मी पुढ्यात. डोळे मिटायचे, वर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उंच राहायला हवं म्हणून डोक्याखालची उशी काढायची नाही.

"आपल्यात उशी काढून खाली घेतात हो."

"काढून तर बघा. उठून परत घेईन."

फोनची सुरुवात मी "आय अॅम फ्रॉम सातारा"पासून केली. त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

त्यांनी ठरवलेला दिवस शनिवार होता. नर्स आली. भाऊजींनी औषध घेतलं आणि कुंदाचा हात धरला. आज तरी तोंड बंद ठेवायचं, असं मी घरूनच ठरवून आले होते.

"वहिनी, गप्प का? भेंडीचं काय झालं होतं?"

मी पार्किंग लॉटपासून सुरुवात केली. या वेळी त्यांनी टोकलं नाही. मी भाजीच्या रांगेपर्यंत पोचले, तोवर त्यांचे डोळे मिटले होते.

नर्सनं थोड्या वेळानं मान हलवली आणि माझा हात सवयीनं उशीकडे गेला. चटका बसल्यासारखा मागे घेतला! कापूस ठेवला, फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा एका वाक्यात बोलले. बायकोची संमती हवी म्हणाले, म्हणून फोन कुंदाला दिला. तिनं कसंबसं "येस" म्हणून फोन परत माझ्या हातात दिला. पलीकडची बाई म्हणाली, आता त्यांच्याबद्दल सगळं सांगा. आजार, औषधं, सवयी, प्रवास. घ्या! अर्धा तास बोलले मी. ती एकदाही थांबवेना, तर मलाच कसंनुसं झालं.

डोळे वेळेत गेले. दोघांना बसले, एवढंच पुढे कळलं. कुणाला, ते सांगत नाहीत.

पण मी दुकानात काउंटरवर गप्पा मारत उभी असते आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी अगदी कंटाळून माझ्याकडे बघतं. मी निरखून बघते त्या डोळ्यांत. आणि पटकन मुद्द्यावर येते.