अकरा फिल्मांतली गोपिकाबाई

आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या गोपिकाबाई गजभिये यांना नागपूर जिल्ह्यातली हजारो माणसं चेहऱ्यानं ओळखत होती, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. त्या सिनेमातल्या नटी नव्हत्या. सरकारच्या प्रचार खात्याच्या पंधरा-वीस मिनिटांच्या फिल्मा असत. देवीची लस टोचून घ्या, विहिरीत औषध टाका, पोरीला शाळेत घाला, असं सांगणाऱ्या. प्रचाराची गाडी गावात येई, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधत आणि दिवेलागण झाली की फिल्म सुरू. १९६३ पासून पुढच्या अठरा वर्षांत गोपिकाबाईंनी अशा अकरा फिल्मांत काम केलं. बहुतेक वेळा सासूचं. पहिल्या फिल्मच्या वेळी त्या तिशीच्या होत्या, पण केसांना पिठाचा हात लावला की साठीच्या दिसत.

मी त्याच शाळेत चौथीला शिकवत होते. त्या मला मास्तरीणबाई म्हणत. आम्ही दोघी नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या, एकाच विहारात जाणाऱ्या. पौर्णिमेला वंदना झाली की पायरीवर बसून बोलायचं, ही आमची सवय होती. हे सगळं मला तिथंच, थोडं थोडं करून कळलं.

त्या मूळच्या सावनेरच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या. त्यांचे यजमान, गिरिधर, मिलमध्ये कामाला होते. वस्तीत जलसे होत, गाणी आणि मधे मधे लहान नाटुकली. त्यात गोपिकाबाई काम करायच्या. अनंतराव नावाचे एक गृहस्थ प्रचार खात्यासाठी फिल्मा काढत. त्यांनी एका जलशात त्यांना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारलं, "देवीच्या लशीवर फिल्म काढतोय. लस नको म्हणणाऱ्या बाईचं काम आहे. कराल?"

गिरिधर म्हणाले, "नाही म्हणणाऱ्या बाईचं काम? मग तं तिले शिकवाच लागत नाही, साहेब."

गोपिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच हो म्हटलं. कारण त्यांच्या आईचे, तुळसाबाईंचे, दोन्ही डोळे देवीत गेले होते. तेव्हा गोपिकाबाई चार वर्षांच्या होत्या. आईनं आपल्या लेकीला मोठी झालेली कधी पाहिलंच नाही. आवाजानं ओळखायची. दारात चार बायका एकदम बोलल्या तरी त्यातली आपली कोणती हे ती नेमकं सांगे.

फिल्म तयार झाली. दोन महिन्यांनी प्रचाराची गाडी सावनेरला जाणार असं कळलं, तशा गोपिकाबाई आदल्या दिवशीच माहेरी गेल्या. आईला हाताला धरून मैदानात नेलं, अगदी पुढे बसवलं. पडद्यावर गोपिकाबाई आल्या. लोक ओरडले, "अरे, हे तं तुळसाबाईची गोपी!" मग पडद्यावरची गोपिका बोलू लागली. आवाज गोड, घोटीव, शहरातल्या शिकलेल्या बाईचा.

तुळसाबाईंनी विचारलं, "हे कोण बाई होय वं?"

"मी होय ना, माय."

"तू नोहे. मले काय तुहा आवाज कळत नाही?"

आजूबाजूची माणसं हसली. कोणी म्हणालं, "आजी, तीच हाय. तोंड तिचंच हाय." तुळसाबाई म्हणाल्या, "तोंडाचं तुमी पाहा. मी कुठून पाहू?"

गोपिकाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. फिल्म काढताना त्या आपल्या बोलीत बोलल्या होत्या, आणि तेच लोकांना ऐकू जाईल असं त्यांनी धरलं होतं. परत आल्यावर त्यांनी अनंतरावांना विचारलं. ते समजावून म्हणाले, "बाई, कॅमेऱ्याचा आवाज फार होतो. म्हणून बोलणं मागाहून मुंबईला भरतात. तिथं एक बाई आहेत, त्या सगळ्यांसाठी बोलतात. तुमचा चेहरा इतका बोलका आहे, तुम्हाला काय करायचाय आवाज?"

गोपिकाबाईंना ते पटलं की नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या दहा फिल्माही त्यांनी केल्या. आवाज दर वेळी त्याच मुंबईच्या बाईचा. तिला त्या कधी भेटल्या नाहीत. इतवारीच्या बाजारात लुगडं घ्यायला गेल्या की लोक ओळखायचे. एकदा मी सोबत होते. दुकानदारानं पाहिलं आणि गादीवरून उठून उभा राहिला, "या, या सासूबाई! आमच्या मंडळीला तुमची फार भीती." गोपिकाबाई बोलल्या, "नऊवारी दाखव गा, काठ लहान पाह्यजे." तसा तो खाली बसला. आपल्या माणसाला हळूच म्हणाला, "ती नाही रे. तिच्यासारखी दिसते फक्त."

त्या हसून मला म्हणाल्या, "पाहा मास्तरीणबाई, बोललो का मी मी राहत नाही." मीही हसले होते. तेव्हा मला ती गंमतच वाटली.

पुढं नागपुरात टीव्ही आला. सावनेरकडे घरांवर एखाददुसरा ॲन्टेना दिसू लागला. संध्याकाळी खेड्यातल्या लोकांसाठी कार्यक्रम लागे, त्यात गोपिकाबाईंच्या जुन्या फिल्मा पुन्हा दाखवू लागले. दोन-तीन नव्या तुकड्यांत त्यांनी कामही केलं, पण त्यात त्या नुसत्या धान्य पाखडत किंवा पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत दिसत आणि वरून कोणीतरी पुरुष माहिती सांगे. शाळेतली पोरं त्यांना टीव्हीवाली बाई म्हणू लागली.

१९८५ च्या दिवाळीनंतर टीव्ही केंद्रातल्या प्रमोदिनी नावाच्या एक बाई त्यांना शोधत शाळेत आल्या. पूर्वी पडद्यावर काम केलेल्या जुन्या माणसांच्या मुलाखती त्या घेणार होत्या. चार जण, प्रत्येकाची दहा मिनिटं. "तुम्ही यायचं आणि जुन्या आठवणी सांगायच्या. बाकी काही नाही."

गोपिकाबाईंनी त्यांना एकच विचारलं, "आवाज कोणाचा राहील?"

"म्हणजे? तुमचाच."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गोपिकाबाई माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. असं त्या कधी बसत नसत. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माय आता थकली. पंच्याहत्तरच्या वर गेली असन. बावीस वर्स झाले, मी तिले सांगून राहिलो का आवाज मुंबईच्या बाईचा, पन पडद्यावर मी असतो, अन् ते म्हणते तू नोहे. एक वेळ तिनं आइकलं पाह्यजे. मंग मी सुटलो."

"मग ऐकेल की आता."

"पन लोकं हसतीन ना. मले शिकवा बोलाले. तुमच्यावानी."

इथं चूक झाली, आणि ती माझी. त्यांना काय हवंय ते त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात शिरलं भलतंच. मला वाटलं, आपल्या वस्तीची बाई टीव्हीवर जाणार, तिथं तिनं कसं नीटनेटकं, शुद्ध बोललं पाहिजे. आम्ही कशातून शिकलो ते आमचं आम्हालाच माहीत. लहानपणी मी शाळेत शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्याला वर्ग हसला होता. ती लाज माझ्या अंगातून गेली नव्हती, आणि मी ती गोपिकाबाईंच्या अंगाला लावली.

आठ दिवस रोज एक तास मी त्यांना बोलायला शिकवलं. प्रश्न काय येतील ते मीच लिहिलं, उत्तरंही मीच लिहून दिली. त्यांचं पाठांतर चांगलं होतं. चौथ्या दिवशी मी चकित झाले. गोपिकाबाई अगदी त्या मुंबईच्या बाईसारखं बोलत होत्या. तसाच गोड चढउतार, वाक्याच्या शेवटी तसाच थोडा श्वास.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"बावीस वर्स आइकून राहिलो तिले," त्या म्हणाल्या. "ते माह्या तोंडून बोलली. आता मी तिच्या तोंडून बोलतो."

मला त्याचा आनंद झाला. मी शाबासकी दिली.

मुलाखतीच्या दिवशी मी सोबत गेले. प्रमोदिनीबाईंनी आधी चहा दिला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. गोपिकाबाई त्यांच्याशी पाठ केलेलंच बोलू लागल्या, तशा त्या म्हणाल्या, "अहो, इतकं जपून नका बोलू. घरी बोलता तसं बोला ना. छान वाटेल." गोपिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून खूण केली, शिकवलंय तसंच. त्यांनी तसंच केलं. एकदाही अडखळल्या नाहीत.

कार्यक्रम लागायचा त्या दिवशी आम्ही दुपारच्या एसटीनं सावनेरला गेलो. माहेरी, त्यांच्या भावाच्या घरी, टीव्ही नव्हता. शेजारचे केशवराव शेती करत, त्यांनी नवीन संच घेतला होता. ओसरीवर तो टेबलावर ठेवला होता, अंगणात पंधरा-वीस माणसं. तुळसाबाईंना पुढे सतरंजीवर बसवलं. हिरवं लुगडं, गळ्यात काळी पोत, तोंडावर देवीचे वण. गोपिकाबाई त्यांच्या हाताला धरून बसल्या. मी मागे.

केशवराव म्हणाले, "आजी, आज तुमच्या पोरीचा मान हाय. पन हे झालं का कापसाचे भाव येतात, तवा मंग कोनी गडबड करजा नोका."

"मी कायले गडबड करतो गा," तुळसाबाई म्हणाल्या. "मी आइकाले आलो."

पडद्यावर गोपिकाबाई आल्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, खांद्यावरून पदर. प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "तुम्ही या क्षेत्रात कशा आलात?" आणि गोपिकाबाई बोलू लागल्या. गोड, घोटीव. अंगणातली माणसं कौतुकानं एकमेकांकडे पाहत होती. "किती शुद्ध बोलते!" कोणीतरी म्हणालं. खोटं का सांगू, माझा ऊर भरून आला.

तुळसाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. दोन मिनिटं गेली असतील. मग त्या लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "गोपे, या मुंबईच्या बाईचं किती वेळ चालन? तुही बारी कवा येते?"

रोज संध्याकाळी मी मेणबत्ती लावून पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. त्या क्षणी मला समजलं की आठ दिवस बसून मी एका बाईला तिच्या आईपाशी खोटं बोलायला शिकवलं होतं. शब्द सगळे खरे होते, तरी.

गोपिकाबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या नजरेत नुसतं एवढंच होतं की, आता काय करू? मी मान खाली घातली.

मग त्या उठल्या. ओसरी चढून टीव्हीपाशी गेल्या आणि केशवरावांना म्हणाल्या, "आवाजाचं बटन कोनतं हाय, दादा?" त्यांनी दाखवलं. गोपिकाबाईंनी ते बटण फिरवून फिरवून आवाज पार बंद केला.

पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते. त्या संचाच्या बाजूला उभ्या राहिल्या, आईकडे तोंड केलं आणि बोलू लागल्या.

"माय, मी होय. त्या बाईनं मले इचारलं का पहिली फिल्लम काहून केली. त मी सांगतो. माह्या मायचे डोळे देवीत गेले. मी चार वर्साची होतो."

तुळसाबाईंनी मान वर केली.

सगळी उत्तरं त्यांना पाठ होती. पडद्यावरचे ओठ पाहत पाहत त्या सांगत होत्या, माझी वाक्यं टाकून, आपल्या वाक्यांत. केव्हा ओठ आणि बोल जुळत, केव्हा मागेपुढे होत. त्या म्हणाल्या, "मायले दिसत नव्हतं. मी विहिरीकडे जाईन म्हनून ते मले दोरीनं आपल्या कमरेले बांधून ठेवे. वावरात कापूस येचाले जाये तरी मी संगं."

"दोरी नोहे वं," तुळसाबाई एकदम म्हणाल्या. "लुगड्याचा काठ होता. दोरी तुले रुतली असती."

"काठ होता," गोपिकाबाई म्हणाल्या. "हिरवा."

"हिरवा का लाल ते मले काय मालूम. मऊ होता."

हे त्यांनी मला आठ दिवसांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझ्या कागदावर एवढंच होतं की आईने अत्यंत कष्टाने आम्हाला वाढवले.

शेजारची एक बाई तुळसाबाईंजवळ सरकून म्हणाली, "आजी, पडद्यावर तिचंच तोंड हालून राहिलं बरं."

"मंग?" तुळसाबाई म्हणाल्या. "मी काय म्हनून राहिलो? माही पोरगीच होय ते." आणि हातानं त्या बाईला गप्प केलं. "चूप राह्य. आइकू दे मले."

पडद्यावरच्या गोपिकाबाईंनी हात जोडले. नाव आलं, गेलं. मग टेबलामागे बसलेला एक माणूस आला आणि कागदावरून काहीतरी वाचू लागला. त्याचा आवाज बंदच होता. गोपिकाबाई पडद्याकडे पाठ करून आईला सांगत होत्या, पहिल्या फिल्मच्या वेळी केसांना पीठ लावलं तेव्हा मुंग्या कशा आल्या, आणि अनंतराव कसे ओरडले. तुळसाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. केशवरावांचा कापूस घरात पडून होता, भाव ऐकायला ते रोज घड्याळ लावून बसत. त्यांनी एकदा बटणाकडे पाहिलं, आणि ते जागचे उठले नाहीत.