वाटणीत आलेली फटफटी

सासरे गेले आणि त्यांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेवढ्यात थोरल्या दिरांनी वाटणीचा विषय काढला. नौपाड्यात सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. देश स्वतंत्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मुलगी दाखवायची तर फोटो, लग्न ठरलं तर फोटो, नोकरीला अर्ज करायचा तर फोटो, असे दिवस होते आणि स्टुडिओ चांगला चालत होता. थोरले म्हणाले, "मी स्टुडिओ बघतो. बाहेरची कामं तू कर. एक कॅमेरा घे आणि बाबांची मोटारसायकल घे. कल्याण, डोंबिवली सगळं तुझं." आमचे हे धाकटे, स्वभावाने अगदी मऊ. त्यांनी मान हलवली. आम्ही खोपटला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि त्या खोल्यांच्या दारात ती फटफटी येऊन उभी राहिली.

युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. हिरव्या रंगावर सासऱ्यांनी काळा रंग दिला होता, पण खरवडलं की खालचा हिरवा दिसायचा. दिसायला धिप्पाड, आवाज सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. मला ती पहिल्या दिवशी आवडली होती, हे कबूल करायला हवं.

यांच्याबरोबर मीही कामाला जायचे. त्या काळी लग्नघरातल्या बायका परक्या पुरुषासमोर फोटोला उभ्या राहायला लाजायच्या. मी असले की त्यांचे पदर नीट करायचे, पोरांना पुढे बसवायचे, नवरीची मान वर करायचे. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून मांडीवर कॅमेऱ्याची पेटी घेऊन बसायचे. आळीतल्या बायका बघायच्या. बघू देत, म्हणायचे मी.

पहिल्याच लग्नाला ती बंद पडली. कळव्याचा पूल ओलांडला, मुंब्र्याच्या डोंगराखालून गेलो आणि पुढे शिळेच्या वाटेवर इंजिनाने दोन-चार आचके दिले आणि सगळं शांत झालं. यांनी लाथा मारल्या, प्लग काढून पुसला, टाकीचं झाकण उघडून आत काडी घालून पेट्रोल आहे ना ते बघितलं. पेट्रोल भरपूर होतं. मग लाथ मारली तर झाली चालू. डोंबिवलीला पोहोचलो तेव्हा अंतरपाट केव्हाच दूर झाला होता. मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, आता जेवून तरी जा.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. गावातल्या गावात गाडी कधी बंद पडायची नाही. खोपटच्या गॅरेजवाल्याकडे नेली की तिथे शहाण्यासारखी धडधडत उभी राहायची. त्याने कार्ब्युरेटर उघडून धुतला, प्लग नवा घातला, वायरी बदलल्या. टाकीखालच्या नळीतून जरासं पेट्रोल झिरपत होतं, तिथे त्याने कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा मळून चोपडला. मी विचारलं तेव्हा म्हणाला की पेट्रोलात साबण विरघळत नाही, नवी नळी येईपर्यंत खुशाल चालेल. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणच्या मुंजीला निघालो तर पुन्हा त्याच शिळेच्या आसपास उभे.

लोक बोलायला लागले. वाईट एवढंच नव्हतं. ज्यांच्या लग्नाला आम्ही उशिरा पोहोचलो, त्यांच्या पुढच्या मुलीच्या लग्नाला थोरले दीर जायला लागले. एका घरी मला बाईंनीच सांगितलं, तुमचे दीर म्हणत होते की धाकट्याला वेळेचं भान नाही, कामाची खात्री हवी तर माझ्याकडे या. मी घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, तो काळजीपोटी बोलला असेल. मी भाजी चिरत होते. विळीवर हात आपटला की काय कोण जाणे, बोट कापलं.

त्या दिवसापासून मी गाडीकडे यंत्र म्हणून बघायचं सोडलं. वैरी बघावा तशी बघायला लागले. ती कुठे बंद पडते, त्याआधी काय करते, कशाने चालू होते. आणि एक गोष्ट ध्यानात आली. हे दर वेळी प्लग पुसायचे, मग झाकण उघडून पेट्रोल बघायचे आणि मगच ती चालू व्हायची. हे म्हणायचे, प्लग पुसल्यामुळे. पण झाकण उघडताना एक बारीक आवाज यायचा, कोणी दातांतून श्वास आत ओढावा तसा.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा मी म्हटलं, "अहो, आज प्लगला हात लावू नका. झाकण तेवढं उघडा आणि लावा." यांनी तसं केलं. पहिल्या लाथेला चालू. पुढे पुन्हा बंद पडली तेव्हा मी उलट सांगितलं, प्लग पुसा पण झाकण उघडू नका. ती ढिम्म हलली नाही. मी खाली उतरले, झाकण स्वतः फिरवलं आणि तो आवाज कानाजवळ ऐकला. मला एकदम घरचा गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आठवला. त्याला एकच भोक पाडलं की तेल येत येत थांबतं. हवा आत जायला दुसरं भोक पाडावं लागतं.

झाकण उलटं करून बघितलं. मधोमध बारीक भोक होतं आणि त्यावर शिशाचा डाख दिलेला होता. चकचकीत, गोल, कुणीतरी मुद्दाम दिलेला.

घरी येऊन मी दाभण निखाऱ्यावर तापवलं आणि त्या शिशातून आरपार काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला जाऊन आलो. गाडी एकदाही थांबली नाही. हे वाटेत गाणं म्हणत होते.

मला गाणं सुचत नव्हतं. मला त्या डाखाचं कळायला हवं होतं. चैत्रात जाऊबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. कैरीचं पन्हं पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं. जाऊबाई भोळ्या नव्हत्या. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं की सासरे आजारी होते तेव्हा थोरलेच गाडी चालवायचे. भोकातून पेट्रोल उडून त्यांच्या पांढऱ्या पँटवर डाग पडायचे, म्हणून त्यांनी भांड्यांना डाख देणाऱ्याकडून ते बुजवून घेतलं. तेव्हापासून गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. कशाने ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"म्हणाले, ही ब्याद आता धाकट्याला देऊन टाकू," जाऊबाई म्हणाल्या. "तो मुकाट घेईल."

मी पन्हं संपवलं, ओटी घेतली आणि चालत खोपटला आले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, जाऊ दे, आता नीट झाली ना. त्यांच्यासाठी ते तिथे संपलं. मी मात्र वाट बघत राहिले. रोज अंगण झाडताना, गाडी पुसताना, मला त्या वाट बघण्याची जवळजवळ गोडी लागली होती.

कोपर गावात एक मोठं आगरी कुटुंब होतं. खाडीकाठी त्यांची मिठागरं, भातशेती. त्यांच्या मुलीचा साखरपुडा आम्ही केला होता आणि तो वेळेवर केला होता. मुलीच्या आईचा माझ्यावर जीव जडला होता. लग्नही आमच्याकडे येणार होतं. तेवढ्यात थोरले मुलीच्या वडिलांना ठाण्यात गाठून बोलले आणि काम स्वतःकडे घेऊन गेले. आम्हाला पाहुणे म्हणून आमंत्रण आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी थोरले आमच्या दारात. सकाळी स्टुडिओत एक काम उरकून मग कोपरला निघायचं होतं, सामान जड, गाडी हवी. "ऐकलं, आता बंद पडत नाही," म्हणाले. मागितली नाहीच, गाडी बाबांचीच होती ना, असं म्हणाले. यांनी किल्ली दिली. मी म्हटलं, थांबा भाऊजी, पुसून देते.

पुसली. झाकणही पुसलं. न्हाणीतला साबण ओला करून मळला, आतल्या बाजूने त्या भोकात बोटाने दाबून भरला आणि वर नखाने सारखा केला. मग पदराला हात पुसून त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने डोंबिवलीला उतरलो आणि कोपरपर्यंत चालत गेलो. यांना मी कॅमेरा घ्यायला लावला होता. हे म्हणाले, दादा असताना मला कशाला. मी म्हटलं, असू दे बरोबर, मुलीच्या आईला माझ्यासोबत एक फोटो हवा आहे.

मांडवात वाजंत्री सुरू झाली, नवरा आला, भटजींनी घाई चालवली. थोरल्यांचा पत्ता नव्हता. मुलीचा बाप रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला. शेवटी मुलीची आईच आमच्याकडे आली आणि यांना म्हणाली, "त्याची वाट नको बगू. तुमीच कारा फोटू."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी कॅमेऱ्याची पेटी उघडून त्यांच्या हातात दिली.

त्या दिवशी यांनी काढलेले फोटो फार सुरेख आले. पंगती बसल्या तेव्हा बांधावरून एक बैलगाडी येताना दिसली. गाडीत फटफटी आडवी घातलेली आणि तिच्याजवळ थोरले दीर बसलेले. पांढरे कपडे तेलाने माखलेले. झाकण उघडून बघायचं सुचलंच नव्हतं, गरम प्लग धरून धरून बोटं भाजली होती, त्यांवर रुमाल गुंडाळला होता. पंगतीतली माणसं जेवता जेवता बघत होती. मी भात कालवत होते. इतका गोड भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

ते हातपाय धुवायला विहिरीवर गेले तेवढ्यात मी फटफटीजवळ गेले. लोकांनी ती खाली उतरवून उभी केली होती. केसातला आकडा काढून साबण कोरून टाकला. मग यांना म्हटलं, बघा हो चालू होते का. यांनी लाथ मारली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ती धडधडली. थोरले विहिरीजवळ ओल्या तोंडाने उभे होते. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

आठवड्याने ते खोपटला आले. बसले नाहीत. म्हणाले, "तू काहीतरी केलंस."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आम्हाला दिली होतीत, तशीच तुम्हाला दिली."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. पुढे बोलले असते तर आधी आपण काय दिलं होतं ते सांगावं लागलं असतं. हे आतल्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. थोरले गेल्यावर यांनी विचारलं आणि मी साबणासकट सगळं सांगितलं.

"तो माझा भाऊ आहे," हे म्हणाले.

"तुमचा. माझा नाही."

काही दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता. पण कोपरच्या घरापासून आजूबाजूच्या गावांत आमचं नाव झालं. पुढे आम्ही डोंबिवलीत छोटा स्टुडिओ काढला. थोरल्यांना त्या बाजूचं एकही काम पुन्हा मिळालं नाही. आमच्या दुकानासमोरून कुणाच्या लग्नाची वरात गेली की मी मुद्दाम पायरीवर येऊन उभी राहायचे. थोरले माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत. घरच्या कार्यात मी वाढायला आले की ते पानावर हात आडवा धरायचे. मीही मुद्दाम तेवढ्यासाठीच वाढायला जायचे.

एकदा ठाण्याच्या भाजीबाजारात जाऊबाई भेटल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघता निघता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? नक्की काय केलं होतंस गं?"

मी सांगितलं. त्या आधी हसल्या नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, पिशवी खाली ठेवावी लागली, तोंडावर पदर धरूनही हसू आवरेना. मेथीवाली आमच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने जाऊबाईंनी डोळे पुसले, कुंकू ठीक केलं, चेहरा नेहमीसारखा केला आणि पिशवी उचलून त्या घरी स्वयंपाकाला गेल्या.