हळदकुंकवाची फ्लॉपी

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली की मी आधी वांगी उलटसुलट करून बघते. त्यामुळे अकोल्याच्या एका अनोळखी माणसाने फोनवर "काकू, डॉसची कॉपी मी तुमाले फुकट देतो" म्हटलं, तेव्हा मी सरळ विचारलं, "काहून?"

डॉस म्हणजे माऊस आणि चित्रं यायच्या आधी संगणक जिच्यावर चालायचा ती प्रणाली. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि जे हवं ते टाइप करून मागायचं. आमच्या ह्यांनी अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत वर्षानुवर्षं त्याचे क्लास घेतले. वलगावपासून पोरं यायची. पुढे क्लास बंद झाले आणि एक मशीन तेवढं कोपऱ्यात राहिलं.

गेल्या वर्षी ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. "हौ" एवढा एकच शब्द उरला. चहा हवा का? हौ. नको का? हौ. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "सर, आज तारीख काय?" हे त्यांच्याकडे बघत राहायचे, मग "हौ" म्हणायचे, आणि मी घाईघाईने तारीख सांगून टाकायची. घरी परतताना ऑटोत मला एकच शंका खायची, की आत आता कोणी आहे की नाही. ही शंका मी मुलीलासुद्धा बोलून दाखवली नाही.

मुलीने पुण्याहून लॅपटॉप पाठवला, हाताला चाळा म्हणून. ह्यांनी तो डाव्या हाताने लोटून दिला आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. मशीन सुरू केलं तर ते सिस्टीम डिस्क, म्हणजे डॉसची फ्लॉपी, मागायला लागलं. बिस्किटांच्या डब्यात ह्यांच्या फ्लॉप्या होत्या, पण जिच्यावर डॉस होती नेमकी तीच वाचली जाईना. मला लगेच दुरुस्तीवाल्याचा संशय आला. त्याने मागे मशीन साफ करायला नेलं होतं. चांगली फ्लॉपी काढून घेऊन मेलेली ठेवली असणार! फोन करून त्याला चांगलं फैलावर घेतलं.

मुलगी म्हणाली, "आई, इंटरनेटवर फुकट मिळते." मी शोधायला बसले. एका पानावर हिरवं बटण होतं, ते दाबलं तर लॅपटॉपच म्हणायला लागला की तुम्ही धोक्यात आहात. मी तो मिटला आणि वर उशी ठेवली. मग मुलीने जुन्या संगणकांच्या कुठल्याशा ग्रुपवर निरोप टाकला, आणि तो वाचून या अकोलेकराचा फोन आला.

"तुमाले काय भेटते याच्यात?" मी विचारलं.

"काहीच नाई, काकू. पन तुमचं मशीन कोनाले देऊ नका बरं."

झालं! याचा डोळा मशीनवर आहे हे मी ओळखलं.

शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि एसटीने अकोला गाठलं. कोणत्या दिवशी येणार ते त्याला मुद्दामच कळवलं नव्हतं. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, एका बोळात त्याचं घर. माणूस पन्नाशीचा, शाळेत मास्तर. आतल्या खोलीत जुनी मशीनं छतापर्यंत रचलेली. माझी खात्रीच पटली.

मी सोबत नेलेली ह्यांची फ्लॉपी त्याने घेतली, तिची पत्र्याची झडप सरकवली आणि उजेडात धरली. आत पिवळं-लाल काहीतरी वाळून बसलं होतं.

"काकू, फ्लॉपीले हळदकुंकू कोनं लावलं?"

कोण लावणार? दर दसऱ्याला हे स्वतः पाटावर मशीन मांडायचे. बाकीच्या फ्लॉप्यांना नुसत्या अक्षता, पण हिला मशीनचा जीव म्हणून ओल्या बोटाने हळदकुंकू. आणि हाच माणूस पोरांवर ओरडायचा, तेलकट हात लावू नका म्हणून! मला हसू फुटलं. मग दुरुस्तीवाला आठवला आणि हसू आटलं.

मास्तरांनी कोऱ्या फ्लॉपीवर कॉपी केली, असू द्या म्हणून आणखी एक केली.

"हे चोरीचं तर नाई न?"

"नाई हो. जुनी डॉस कंपनीची होती. ही लोकाईनं मिळून नव्यानं लिवली. कोनीही घ्या, कोनालेही वाटा."

"लोकाईले आमची काय पडली?"

त्यांनी बिस्किटं पुढे केली. मी जवसाच्या चटणीचा डबा त्यांच्या हातात ठेवला, म्हणजे फुकट घेतल्यासारखं व्हायला नको. "डबा द्यायले घरी येतो" म्हणाले. मशीन बघायला येणार, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना फोन लावून तो टेबलावर ठेवला आणि फ्लॉपी आत सरकवली. मशीन कण्हलं. काळ्या पडद्यावर अक्षरं आली आणि थांबली. आतला सेल कधीच मेलेला, त्यामुळे त्याला कुठलं तरी जुनंच साल वाटत होतं. ते आजची तारीख विचारत होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. हिंमत झाली नाही.

डावं बोट पुढे आलं. एक, आणि पुन्हा एक. अकरा.

त्या दिवशी चौदा तारीख होती. वर्षभर जे मनात दाबून ठेवलं होतं ते खरंच निघालं. "चुकले ते," मी कशीबशी फोनमध्ये म्हणाले आणि खोडायला हात पुढे केला. ह्यांनी तो फटकन बाजूला केला. मग चौदा टाकले, मग साल.

"काय टाकलं सरांनी?" मास्तरांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग बरोबर हाये न, काकू! ते आधी महिना मागते. नोव्हेंबर म्हंजे अकरा."

मशीनने आता वेळ विचारली. ह्यांनी मान वळवून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ टाकली. मी तिथेच खाली बसून रडले.

"काकू, चालू झालं का?" फोनमधून आवाज येत होता.

"हौ," मी म्हणाले. मलाही तेवढंच बोलता आलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तारीख विचारली. मी तोंड उघडलं नाही. त्यांच्या टेबलावरचा कीबोर्ड ह्यांच्यापुढे ओढला. ह्यांनी सावकाश बारा दाबले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती.

"थांबा," मी म्हटलं. "त्यांचं अजून व्हायचंय."